सुई टोचण्यापासून लॅबच्या टेबलापर्यंत: सॅम्पल नेमकं बिघडतं कुठे?

नवीपाटी
नमस्कार मंडळी. लॅब टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम संपत आलाय आणि आता कलेक्शनला बसवणार आहेत. रबरी हातावर भरपूर टोचून झालं, पण तो हात घाबरत नाही, आखडत नाही आणि त्याची शीर कधी सटकत नाही. पुस्तकातलं पाठ आहे. रोज सुई धरणाऱ्यांकडून ऐकायचंय. शीर कशी निवडता? नळ्यांच्या क्रमावर सगळे एवढे अडून का बसतात? आणि लॅब सॅम्पल परत पाठवते ती कशावरून? नुसते नियम नकोत, कारणं सांगा.

जांभळंझाकण
कारणं मागितलीत म्हणून सविस्तर लिहितो.

शिरेच्या आधी नाव. "तुम्ही अमुकअमुक ना?" असं विचारलं की घाबरलेला, पेंगुळलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. म्हणून नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची आणि मग फॉर्मशी ताडायची. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, पेशंटची खाट बदलते. बिघडलेलं सॅम्पल निदान पकडता तरी येतं. दुसऱ्याच माणसाचं उत्तम सॅम्पल पकडायला काहीच मार्ग नसतो, आणि ते रक्तगटासाठी घेतलेलं असेल तर प्रकरण जिवावर बेततं.

आता शीर. ती डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची. कोपराच्या खळगीत तर्जनी दाबून सोडा. शीर दबते आणि परत वर येते. कंडरा कडक लागते, दबत नाही. धमनीला ठोका लागतो. ठळक निळी दिसणारी शीर पुष्कळदा वरवरची आणि सटकणारी निघते. न दिसणारी पण बोटाला भरीव लागणारी जास्त भरवशाची. पहिली पसंती मधल्या मीडियन क्युबिटलला, कारण ती जाड असते, फारशी हलत नाही आणि तिथे दुखतंही कमी. मग अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक. करंगळीच्या बाजूची बॅसिलिक अगदीच नाइलाज झाला तर, कारण तिला लागूनच ब्रेकियल धमनी आणि मज्जातंतू जातात. सुई आत असताना पेशंट "हातातून करंट गेला" म्हणाला, तर त्याच क्षणी पट्टा सोडून सुई बाहेर. "झालंच, जरा थांबा" हे तिथे चालत नाही.

टूर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, टोचायच्या जागेच्या चार बोटं वर, म्हणजे ७ ते १० सेंटीमीटरवर, आणि एका मिनिटाच्या वर नाही. पट्टा आवळून ठेवला की शिरेतलं पाणी आजूबाजूला झिरपतं. पेशी, प्रथिनं आणि प्रथिनांना चिकटलेलं कॅल्शियम मात्र आतच साचतं. मग रिपोर्टात प्रोटीन, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन उगाच वर दिसतं. शोधायला वेळ लागला तर पट्टा सोडा, दोन मिनिटं जाऊ द्या, पुन्हा बांधा. रक्त यायला लागलं की सैल करा.

पेशंटला मूठ उघडझाप करायला लावायची सवय तर लागूच देऊ नका. स्नायू राबले की पोटॅशियम बाहेर टाकतात, आणि तेच तुम्ही नळीत गोळा करता. हलकी मूठ धरली तर पुरे. शिरेवर चापट्या मारणारेही पाहिलेत, त्याने शीर फुगते कमी आणि पेशंट बिथरतो जास्त.

स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्या. फुंकर नको, त्यातून तोंडातले जंतू जातात. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की चरचरतं, आणि स्पिरिट रक्तात उतरलं तर लाल पेशी फुटतात. पुसल्यावर परत बोट लावलंत तर परत पुसा. सुईचं तोंड वर आणि कोन ३० अंशांच्या आत. मोठ्यांना २१ गेज, बारीक शिरेला २३. आकडा चढला की सुई बारीक होते, हे नवीन मुलं हमखास उलटं सांगतात.

नळ्यांचं नंतर लिहितो, पाळी सुरू होतेय.

पाणपोई
वाचतेय. मी या क्षेत्रातली नाही, पण दर काही महिन्यांनी तपासणीसाठी रक्त द्यावं लागतं. टोचून झाल्यावर कापूस लावून हात कोपरात दुमडायला सांगतात, ते बरोबर की चूक?

तिसरीपाळी
चूक, आणि अजूनही सर्रास चालतं. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचं. दुमडल्याने शिरेवरचा दाब हलतो, आणि हात उघडला की नुकतीच बसलेली गुठळी निसटते. दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसतं ते त्यामुळे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, जास्त वेळ दाबावं लागतं.

मी वॉर्डात नर्स आहे, तेव्हा वॉर्डाची बाजूही मांडते. सलाइन चालू असलेल्या हातातून सॅम्पल घेऊ नका असं लॅब म्हणते आणि आम्ही वैतागतो, कारण कधीकधी दुसऱ्या हाताला जागाच उरलेली नसते. पण हिशोब करून बघा. ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे डेसिलिटरला ५००० मिलिग्रॅम साखर. रक्तातली साखर १०० असेल आणि सॅम्पलमध्ये दहावा हिस्सा सलाइन मिसळलं, तर आकडा ५९० येतो! बाकी सगळे आकडे खाली आणि साखर आभाळाला. त्यावर कोणी इन्सुलिन दिलं तर? म्हणून दुसरा हात. अगदीच इलाज नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाइन किमान दोन मिनिटं बंद, पट्टा सलाइनच्या खाली, टोचायचं त्याच्याही खाली, सुरुवातीचं रक्त टाकून द्यायचं आणि फॉर्मवर तसं लिहायचं. डायलिसिसच्या फिस्टुलाच्या (धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला हात लावायचा नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उगाचशंका
माहितीपूर्ण धागा. एक शंका. आमच्याकडे गर्दीच्या वेळी नळ्यांवर आधीच स्टिकर लावून ट्रे तयार ठेवतात. वेळ वाचतो. प्रशिक्षणात मात्र सांगितलं की रक्त घेतल्यावरच लेबल लावा. आधी लावलं काय, नंतर लावलं काय, नाव तर तेच ना?

जांभळंझाकण
नाव तेच, नळी कोणाच्या हातातून भरली जाईल ते मात्र ठरलेलं नसतं. ट्रेमध्ये एका पेशंटच्या तीन नळ्या आहेत, शीर साथ देत नाही, दोनच भरतात. तिसरी नाव लागलेली रिकामी नळी ट्रेमध्येच पडून राहते. पुढच्या पेशंटला एक नळी कमी पडते, हात आपोआप तिच्याकडे जातो, रंग तर बरोबर असतो. पुढचं सांगायला नको. म्हणून नळी भरली की पेशंटसमोरच, तो उठायच्या आत लेबल, वेळ आणि सही. चार पेशंटच्या नळ्या खिशात टाकून टेबलावर येऊन लेबलं लावणारा माणूस कितीही हुशार असो, मला त्याची भीती वाटते.

उगाचशंका
लेबल प्रिंटरमधून येत असेल आणि बारकोड असेल तरी?

जांभळंझाकण
बारकोड चुकीच्या नळीवर लावला तर चूकही तितक्याच वेगाने आणि अचूकपणे पुढे जाते.

काठावरचा
नमस्कार. मीही वैद्यकीय क्षेत्रातला नाही. घरातल्या एका ज्येष्ठांचा रिपोर्ट आला होता: पोटॅशियम ७.९, कॅल्शियम ५.२, अल्कलाइन फॉस्फटेज जवळपास शून्याला टेकलेलं. लॅबमधूनच फोन आला, सगळ्यांचे धाबे दणाणले. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, तो नॉर्मल. पुन्हा रक्त घेतलं तर तिन्ही आकडे ठीक. विचारलं तर "सॅम्पलचा प्रॉब्लेम होता" एवढंच उत्तर. एका माणसाच्या रक्तात तासाभरात एवढा फरक कसा पडतो?

जांभळंझाकण
रक्तात नाही पडला. तुम्ही लिहिलेल्या तीन आकड्यांतच उत्तर आहे.

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए ते पकडून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. हे ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात भरलेलं असतं. त्यातलं थोडं जरी बायोकेमिस्ट्रीच्या नळीत गेलं तर पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली. अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीए पळवतं, म्हणून तोही आकडा कोसळतो. हे तिघं एकत्र दिसले की आम्ही पेशंटकडे नंतर आणि नळीकडे आधी बघतो.

ते आत गेलं कसं? एक तर जांभळी नळी आधी भरली आणि मग त्याच सुईने साधी. किंवा, हे जास्त वाईट, साध्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळीचं झाकण उघडून थोडं ओतलं. रक्त रक्तच दिसतं, ओतणाऱ्याला वाटतं आपण पेशंटची दुसरी टोच वाचवली.

लाल पेशी फुटून पोटॅशियम वाढलं असतं तर सोबत एलडीएच आणि एएसटी ही पेशींतली एन्झाइम वाढतात, सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) गुलाबी दिसतं, पण कॅल्शियम असं कोसळत नाही.

एक मात्र नक्की सांगतो. पोटॅशियम एवढं आल्यावर "लॅबचीच चूक असेल" म्हणून घरी बसायचं नाही. खरोखर वाढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी आधी ईसीजी आणि लगेच रिपीट केलं, तेच बरोबर.

काठावरचा
पहिल्यांदा कोणीतरी नीट समजावलं. धन्यवाद. म्हणजे नळ्यांचा क्रम यासाठीच?

जांभळंझाकण
यासाठीच. सगळ्यात आधी ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या) बाटल्या, बाकीच्या नळ्यांवरचे जंतू त्यात जाऊ नयेत म्हणून. मग फिकट निळी सायट्रेटची, मग सीरमच्या लाल-पिवळ्या, मग हिरवी हेपरिनची (सायट्रेट आणि हेपरिन दोन्ही रक्त गोठू देत नाहीत), मग जांभळी, आणि शेवटी साखरेची करडी, कारण तिच्यात फ्लोराइडसोबत बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असतं. आधीच्या नळीतलं रसायन पुढच्या तपासणीला कमीत कमी बाधावं, एवढाच विचार त्यामागे आहे. रंग कंपनीगणिक थोडे बदलतात, झाकणाबरोबर लेबलही वाचा.

निळ्या नळीचं वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त परत जाते ती हीच. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण असतं. २.७ मिलिलिटर रक्ताच्या नळीत २ मिलिलिटरच भरलं तर सायट्रेट जास्त ठरतं आणि पीटी, एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळा, लांबतात. वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याचा पीटी असा खोटा लांबला तर डॉक्टर गोळी कमी करतील, आणि गुठळीचा धोका पेशंटच्या वाट्याला. म्हणून खुणेपर्यंत भरली नाही तर सॅम्पल परत, मग कितीही गयावया करा. बटरफ्लाय सुई वापरताना तिच्या लांब नळीतली हवा पहिल्या नळीत जाते आणि रक्त तेवढं कमी येतं. तेव्हा पहिली निळी असेल तर आधी एक फुकटची नळी लावून हवा काढून टाका.

आणि नळ्या हलवायच्या नाहीत, उलट्या करायच्या. निळी तीन-चार वेळा, जांभळी आणि हिरवी आठ-दहा वेळा, मनगटाने सावकाश. जांभळी नीट मिसळली नाही तर बारीकशी गुठळी होते, तिच्यात प्लेटलेट अडकतात आणि रिपोर्टात प्लेटलेट लाखभराने कमी. जोरात हलवली तर पेशी फुटतात. सिरिंजने रक्त घेतलं असेल तर सुईतून जोर लावून नळीत ढकलू नका, नळीचा व्हॅक्यूम स्वतः ओढून घेतो. त्यासाठी हाताला न लागणारा ट्रान्सफर डिव्हाइस मिळतो, तो मागून घ्या.

नवीपाटी
सेव्ह करून ठेवतेय हे सगळं. सॅम्पल लगेच लॅबला जाणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवणं सुरक्षित, असं गृहीत धरलं होतं. बरोबर आहे का?

सूक्ष्मदर्शी
नाही! फ्रिज हे सगळ्यावरचं औषध नाही. मी मायक्रोबायोलॉजीत आहे, माझ्याकडे येणाऱ्या चुकांत ही ठरलेली. ब्लड कल्चरची बाटली फ्रिजमध्ये कधीही नाही. मेंदूज्वराच्या संशयात घेतलेलं पाठीतलं पाणी कल्चरसाठी असेल तर तेही नाही, त्यातले काही जंतू थंडीने मरतात आणि रिपोर्ट "जंतू आढळले नाहीत" असा येतो. लघवीचं मात्र बरोबर उलटं. दोन तासांत पोचणार नसेल तर फ्रिजमध्येच, नाहीतर दोन-चार जंतूंची वसाहत होते आणि जंतुसंसर्ग नसलेल्याला अँटिबायोटिक चालू होतं.

ब्लड कल्चरबद्दल आणखी एक. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं. रक्तात जंतू अगदी विरळ असतात, ३ मिलिलिटरमध्ये ते सापडतीलच असं नाही. बाटलीचं प्लास्टिक टोपण काढलं की खालचं रबर निर्जंतुक असतं असं बरेचजण धरून चालतात. नसतं, ते स्पिरिटने पुसा. आणि शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी, वेगवेगळ्या जागी टोचून बाटल्यांच्या दोन जोड्या. दोन्हींत तोच जंतू आला तर बोलता येतं, एकाच बाटलीत कातडीवरचा जंतू आला की डॉक्टर आणि आम्ही एकमेकांना फोन करत बसतो.

जांभळंझाकण
+१. बायोकेमिस्ट्रीतही तेच. सीरम वेगळं न काढता अख्खं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं तर पेशींवरचा सोडियम-पोटॅशियम पंप थंडीने मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे सीरम स्वच्छ दिसतं आणि आकडा खोटा असतो. बाहेर ठेवलं तर पेशी साखर खातात, खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. करड्या नळीतलं फ्लोराइड ते थांबवतं, पण लगेच नाही. ते साखर तोडायच्या साखळीतल्या पुढच्या पायरीवरच्या एनोलेज या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे पहिले एक-दोन तास साखर उतरतच राहते. त्यामुळे करड्या नळीलाही सेंट्रिफ्यूजची घाई आहे. याउलट जेलच्या पिवळ्या नळीला घाई नको. अर्धा तास उभी ठेवून पूर्ण गोठू द्या, नाहीतर गोठणाऱ्या रक्तातले फायब्रिनचे धागे यंत्राच्या प्रोबमध्ये अडकतात.

अमोनिया आणि लॅक्टेट बर्फात, बिलिरुबिन उजेडापासून झाकून, क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणारी प्रथिनं) शरीराच्या तापमानाला. शंका आली तर टोचण्याआधी लॅबला फोन करा, टोचल्यावर नाही.

तिसरीपाळी
सॅम्पलबद्दल पुष्कळ झालं, आता सुई धरणाऱ्या हाताबद्दल. नवीपाटी, हातमोज्याच्या तर्जनीचं टोक फाडून शीर चाचपणारे सीनियर तुम्हाला भेटतील. शिकू नका त्यांच्याकडून. मोजा घालूनच चाचपायचा सराव करा, थोड्या दिवसांत बोट सरावतं.

वापरलेल्या सुईला परत टोपण घालायचं नाही. सुई हाताने काढायची नाही, वाकवायची नाही. शार्प्स कंटेनर (वापरलेल्या सुयांचा डबा) हाताच्या अंतरावर ठेवून मगच टोचायला सुरुवात करायची. उघडी सुई घेऊन खोलीभर चालणं हाच खरा धोका. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद, वरून दाबून आणखी चार सुया कोंबायच्या नाहीत.

आणि टोचलीच तर? पिळायचं नाही, चोखायचं तर मुळीच नाही. वाहत्या पाण्यात साबणाने धुवायचं आणि लगेच कळवायचं. लाजून पाळी संपेपर्यंत गप्प बसणारे पाहिलेत. बाधित रक्ताची सुई लागली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीचा ०.२ ते २ टक्क्यांच्या आसपास, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा ३० टक्क्यांपर्यंत. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तास उलटले की उपयोग राहत नाही. घाबरतात सगळे एचआयव्हीला, आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचा तिसरा डोस मात्र राहून गेलेला असतो. तुमचे तीन झालेत का? शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासून घ्या, १० च्या वर हवी.

नवीपाटी
दोन झालेत. तिसरा या महिन्यात आहे, घेतेच.

सूक्ष्मदर्शी
घेतल्यावर इथे कळवा :)

सांडलेल्या रक्ताचंही सांगून ठेवतो. आधी हातमोजे, मग टिपकागदाने झाकायचं, त्यावर ताजं केलेलं हायपोक्लोराइट (ब्लीच) ओतून किमान दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. कालचं द्रावण चालत नाही, त्यातला क्लोरिन उडून जातो. काच असेल तर चिमट्याने उचलायची. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्याचा आवाज आला तर यंत्र बंद करून अर्धा तास झाकण उघडू नका, आत बारीक तुषार तरंगत असतात. लोक नेमकं झाकण उघडून आत डोकावतात.

दुसरीकडे पाठवताना तीन आवरणं. घट्ट झाकणाची नळी, ती टिपकागदासकट न गळणाऱ्या दुसऱ्या डब्यात, आणि बाहेरून कडक खोका. नेहमीच्या तपासणीच्या सॅम्पलवर यूएन ३३७३ चं चिन्ह. फॉर्म नळीला गुंडाळून रबर लावू नका, बाहेरच्या कप्प्यात ठेवा. गळलेल्या नळीचा भिजलेला फॉर्म कोणी हातात घ्यायचा? आणि सुई लावलेली सिरिंज पाठवलीत तर उघडायच्या आधीच परत येईल.

नवीपाटी
शेवटचे दोन प्रश्न. पहिल्या टोचीत शीर नाही लागली तर किती वेळा प्रयत्न करायचा? आणि तान्ह्या बाळांचं काय?

तिसरीपाळी
दोनदा. तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवा, त्यात कमीपणा नाही. सुई आत ठेवून शीर शोधत इकडेतिकडे फिरवायची नाही. पेशंटला आधी विचारा, "रक्त देताना कधी चक्कर आली होती का?" हो म्हणाला तर झोपवूनच घ्या. घाम फुटला, जांभया यायला लागल्या, चेहरा पांढरा पडला की पट्टा सोडा, सुई काढा, डोकं खाली घ्या. नळी भरायची राहिली तर राहू द्या.

बाळांची टाच टोचतात, टाचेच्या दोन्ही कडांना, मधोमध किंवा मागे नाही, तिथे हाड जवळ असतं. लॅन्सेट (टोचायचं छोटं पातं) २ मिलिमीटरपेक्षा खोल नको. आधी टाच कोमट कापडाने शेकून घ्या. पहिला थेंब पुसून टाका, त्यात पेशींबाहेरचं पाणी असतं. पिळून पिळून रक्त काढलंत तर पोटॅशियमचं वर जांभळंझाकण यांनी लिहिलंय तेच होणार. आणि इथे नळ्यांचा क्रम बदलतो बरं का, जांभळी सीरमच्या आधी, कारण थेंबाथेंबाने घेतलेलं रक्त पटकन गोठायला लागतं.

जांभळंझाकण
बाळांच्या सॅम्पलसाठी वेगळा धागा काढा तिसरीपाळी ताई, तिथे विचारण्यासारखं माझ्याकडेच बरंच आहे.